लाळेतला आकडा

माझी आई पुण्याहून फोन करायची तेव्हा तिचा एक प्रश्न ठरलेला असायचा. "अजून तेच काम का गं?" तेच म्हणजे थुंकी. तो शब्द तिला उच्चारवायचा नाही. एम.एस्सी. झालेली मुलगी बेंगळुरूत जाऊन लोकांना नळीत थुंकायला लावते, हे ती नातेवाइकांत "हॉस्पिटलात संशोधन करते" असं म्हणून निभावून न्यायची. माझा नवरा सरकारी कारखान्यात इंजिनिअर. तो म्हणायचा, लाळघोटेपणा करून लोक वर चढतात, हिने त्याचं शास्त्रच करून टाकलं. मला त्या विनोदावर कधी हसू आलं नाही, आणि म्हणूनच तो पाहुण्यांसमोर हटकून करायचा.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं असतील. फिट येणाऱ्या माणसांना जी औषधं देतात त्यांचं गणित फार नाजूक. कमी पडलं तर फिट येते. जास्त झालं तर माणूस झोकांड्या खातो, आणि फारच जास्त झालं तर पुन्हा फिटच येऊ शकते. म्हणून रक्त काढून औषध किती आहे ते मोजायचं. आमच्या मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं असं, की रक्तातल्या औषधाचा ठरावीक अंश लाळेत उतरतोच, मग सुई टोचायची कशाला? लाळ मोजा. तेवढ्यासाठी त्यांनी हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला एक लहानशी प्रयोगशाळा मागून घेतली होती. तिथे आम्ही तिघं. सर, एक तंत्रज्ञ आणि मी.

सर बेंगळुरूचेच, हुशार आणि पेशंटसाठी जीव टाकणारे. पण आवाज असा, की बाह्यरुग्ण विभागात ते कोणावर रागावले तर बाहेर फाटकापाशी उभ्या असलेल्या ऑटोवाल्यालाही कळावं कोणाचं काय चुकलं.

तिथेच मी त्या मुलीला पहिल्यांदा पाहिलं. वय विशीच्या आतबाहेर. बेंगळुरूच्या शिवाजीनगरात तिच्या वडिलांचं शिंपीकामाचं दुकान होतं आणि दुकानामागेच घर. घराणं मराठी, पण पिढ्यान् पिढ्या इथलंच. मुलगी दुकानात ब्लाउज शिवायची. तिला लहानपणापासून फिट येत होत्या. त्या दिवशी तिची आई सरांसमोर उभी होती आणि सर कन्नडमधून कडाडत होते. कसल्याशा उपासाच्या दिवशी मुलीचं औषध चुकलं होतं आणि त्याच दिवशी तिला रस्त्यात फिट आली होती. "एक गोळी चुकली तर काय होतं ते पाहिलंत ना? आई आहात की कोण आहात?" अख्खी रांग ऐकत होती. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत उभी होती. मुलगी तिच्याकडे बघत होती, सरांकडे नाही.

मग रक्त काढायला नेलं, तर सुई पाहून तिला खुर्चीतच फिट आली. आईने तेव्हाच सांगून टाकलं, की पुन्हा रक्त काढू द्यायची नाही. अशा रीतीने मुलगी माझ्या वाट्याला आली.

मी मराठी बोलते हे कळल्यावर तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "अक्का, तुमी पुण्याच्या ना? तुमचं मराठी पुस्तकासारखं आहे," ती म्हणाली. त्यांचं मराठी ऐकताना मला आधी गोंधळायला व्हायचं. मधूनच "स्वल्प थांबा", मधूनच होकाराला "सरी, सरी", आणि वडिलांना अण्णा. पण बोलणं गोड. वडील अबोल होते. गळ्यात मोजायची टेप घालूनच हॉस्पिटलात यायचे, आणि ती काढायचं त्यांच्या लक्षातच यायचं नाही.

आमची पद्धत अशी. पेशंटने सकाळचं औषध न घेता यायचं. आल्यावर चूळ भरायची, थोडं थांबायचं, मग मेणाचा तुकडा चघळून जी लाळ सुटेल ती नळीत. औषध घेण्याआधीची लाळ का, तर तेव्हा शरीरातलं औषध सगळ्यांत कमी असतं, आणि ते कमीसुद्धा पुरेसं आहे का हे पाहायचं असतं. सरांनी हे वडिलांना नीट समजावून सांगितलं होतं. वडिलांनी मान डोलावली होती. त्यांनी घरी जाऊन काय सांगितलं, ते मात्र आम्हाला कोणी सांगितलं नाही.

पहिला आकडा आला तो हवा होता त्याच्या बराच वर. सरांनी मुलीला सरळ रेषेत चालायला लावलं. चालली. डोळ्यांपुढे बोट फिरवलं. डोळे व्यवस्थित. "इतकं औषध अंगात असताना ही सरळ चालते कशी?" ते स्वतःशीच म्हणाले. तरी आकडा आकडा होता. शिवाय फिट चालूच होत्या, आणि फार औषधानेही फिट येतात हे पुस्तकात लिहिलेलं. त्यांनी मात्रा थोडी कमी केली.

पुढच्या वेळी मुलगी आली ती बोटाला पट्टी बांधून. शिलाई मशीनवर असताना फिट आली आणि सुई बोटातून आरपार गेली. त्या दिवशीचाही आकडा वरच. मात्रा कमी केलेली, फिट वाढलेल्या, आणि लाळेत औषध मात्र उदंड. माझं डोकं चालेना.

मी स्वभावाने तापट आहे. गोष्ट कळली नाही की मला आधी राग येतो, मग भूक लागते, आणि अक्कल सगळ्यांत शेवटी येते. रागाचा पहिला मान तंत्रज्ञाला मिळाला. तू नळ्या नीट धुतल्या नसतील, मी म्हणाले. त्याने माझ्यासमोर पुन्हा धुतल्या, इतक्या जोरात की दोन फुटल्या. मग तपासणीच्या मशीनवर संशय. आमच्याकडे वीज अशी यायची की ट्यूबलाइटसुद्धा विचार करून पेटायची, म्हणून नवा स्टॅबिलायझर मागवला. मग डिस्टिल्ड वॉटरवर संशय. मग स्वतःवर.

स्वतःवरचा संशय फेडायचा एक सरळ उपाय असतो. ज्याने औषध घेतलेलं नाही अशा माणसाची लाळ तपासायची, शून्य यायला हवं. ती लाळ अर्थात माझीच. आली शून्य. मग त्याच लाळेत माहीत असलेलं औषध मोजून मिसळायचं आणि तेवढंच परत मिळतं का पाहायचं. मिळालं. दुसऱ्या पेशंटांचे आकडे त्यांच्या रक्ताशी जुळत होते. म्हणजे मशीन खरं, मी खरी, आणि ती मुलगी तर बोटाची पट्टी दाखवत समोर बसलेली, ती कशी खोटी असेल? मग खोटं कोण होतं?

"सकाळी गोळी घेतली नाहीस ना?" मी तिला प्रत्येक वेळी विचारायचे.

"न्हाई अक्का."

"चूळ भरलीस?"

"भरली की."

आई शेजारीच बसलेली असायची. चुळीचं विचारलं की तीही मान हलवायची. विचारायचं ते विचारून झालं होतं, उत्तरंही मिळाली होती, आणि मला काहीही कळलं नव्हतं.

एकदा ती रांगेत बसल्या बसल्या कोणाच्या तरी शर्टाचं बटण लावून देत होती. दोऱ्याचं टोक तोंडात घालून ओलं केलं आणि सुईत ओवलं. मला वाटलं, सापडलं! दोऱ्याच्या रंगात असं काही असेल जे आमच्या तपासणीला औषधासारखं दिसतं. मी तिच्याकडून सगळ्या रंगांची रिळं मागवली. अण्णांनी मुकाट्याने पिशवी भरून दिली. आठवडाभर मी माझ्या लाळेत लाल, निळे, हिरवे, मोरपिशी दोरे भिजत घालून तपासत बसले. सगळे शून्य. सर दारात उभे राहून ते रंगीत प्रदर्शन पाहून गेले. ते मला फार लागलं.

आणि मधल्या काळात त्या मुलीची मात्रा पुन्हा कमी झाली होती. हे मला खायचं. आमचा आकडा नुसता कागदावर राहत नव्हता. तो तिच्या तोंडातून निघून तिच्याच गोळ्या कमी करत होता. बरोबर असेल तर ठीक. चूक असेल तर आम्हीच तिला मशीनवरून खाली पाडत होतो.

माझं घर इंदिरानगरला. घरी जाताना शिवाजीनगरला बस बदलावी लागायची. एका संध्याकाळी ब्लाउज शिवायला टाकायच्या निमित्ताने मी त्यांच्या दुकानात गेले. निमित्तच होतं असं नाही, ब्लाउजही हवा होता. अण्णांनी स्टूल पुसून दिलं. मुलगी मशीनवर बसली होती आणि मशीनच्या कडांना कापडाच्या गाद्या बांधलेल्या होत्या, पडली तर लागू नये म्हणून.

"आत या अक्का, स्वल्प कॉफी घ्या," आई म्हणाली.

दिवेलागण झाली होती. मी आत चटईवर बसले. आईने देवासमोर दिवा लावला, मग कोपऱ्यातली सहाण ओढली, तिच्यावर थेंबभर पाणी टाकलं आणि एक पांढरी गोळी उगाळायला घेतली. मी बघत होते. उगाळून झालं तसा वर मध घातला, बोटाने कालवलं आणि हाक मारली. मुलगी मशीन सोडून आली, आईच्या बोटावरचं चाटलं, मग सहाणेवरचं उरलेलं बोटाने पुसून चाटलं. घाई नाही. जिभेने दातांमागून, टाळ्यावरून सगळं फिरवत.

"ही फिटची गोळी?" मी विचारलं.

"व्हय. हिला गोळी गिळताच येत न्हाई. लहानपणापासनं. घशाशी गेली की उलटी. मग सगळी औषधं अशीच, चाटण करून."

त्यात वावगं काही नव्हतं. आमच्या घरीही बाळांना असंच देतात. मुलीचं तोंड कडू झालेलं दिसत होतं, म्हणून मी माझ्यापुढचं पाणी तिच्यापुढे सरकवलं. आईने पेला पटकन मागे घेतला.

"मधावर पाणी न्हाई अक्का. चाटणाचा गुण जातो. जेवणापर्यंत काय न्हाई."

कॉफी आली, ती हातात घेतली. मग विचारलं, "सकाळीही असंच?"

"सकाळीबी."

"आमच्याकडे यायचं असतं त्या दिवशी?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. बाहेर अण्णांच्या कात्रीचा आवाज थांबला.

"त्या दिवशी तर आधी. गोळी नको म्हणता तुमी, चाटणाचं काय न्हाई," आई म्हणाली. "ऑटोत बसतानाच चाटवते. उपाशी पोटी बाहेर पडायचं, गर्दीत कुठं पडली म्हणजे? एकदा चुकलं त्याचं काय झालं ते बघितलंय."

मी कॉफी प्यायले. ती किती गोड होती हे मला आजही सांगता येईल, पण त्या वेळी मी काय बोलले ते सांगता येणार नाही. बहुधा ब्लाउजच्या बाह्यांविषयी काहीतरी.

बसमध्ये मात्र मला एकाच वेळी रडू येत होतं, हसू येत होतं आणि तरीही नक्की कळलं की नाही याचा भरवसा वाटत नव्हता. इतकं साधं असेल? दातांच्या फटींत मधाने चिकटून राहिलेली गोळी आम्ही मोजत होतो? की पुन्हा रंगीत दोऱ्यांसारखंच व्हायचं?

दुसऱ्या दिवशी मी घरची सहाण पिशवीत घालून कामावर गेले. सर आधी तयार नव्हते. मग म्हणाले, चाट, पण गिळू नकोस, थुंकून टाक. मी चाटण केलं, तोंडात घोळवलं आणि बेसिनमध्ये थुंकलं. एक चूळ भरली, जशी ती भरत असावी. शिवाजीनगरहून ऑटोने यायला लागतो तेवढा वेळ थांबले आणि नळीत लाळ दिली. आकडा आला तो मुलीच्या आकड्याचा सख्खा भाऊ. औषध माझ्या पोटात गेलंही नव्हतं, आणि आमचं मशीन सांगत होतं की या बाईंना फिटचा आजार असून उपचार उत्तम चालू आहेत.

सर खुर्चीत बसले. डोकं धरलं. "आणि मी मात्रा कमी करत होतो," एवढंच म्हणाले.

आता मुलीची खरी लाळ हवी होती, औषधाआधीची. पण आईला औषध उशिरा द्यायची भीती, आणि ती भीती खोटी नव्हती. मग मीच ठरवलं. सकाळी शिवाजीनगरला उतरून त्यांच्या घरी जायचं, मुलगी उठल्याबरोबर नळीत लाळ घ्यायची, आणि आईने लगेच तिथल्या तिथे चाटण द्यायचं. कोणाचाही खोळंबा नाही.

"असं का?" आईने विचारलं.

मी तोंड उघडणार तोच मुलगी म्हणाली, "नवीन पद्धत काढलीय आई त्यांनी. आता लोकांच्या घरीच येतात."

आईला पटलं. तिने मला निघताना केळं दिलं, कारण सकाळी घरी आलेल्या बाईला रिकाम्या हाताने पाठवायचं नसतं. एका हातात केळं, दुसऱ्या हातात रुमालात गुंडाळलेली त्या पोरीची लाळ, अशी मी बसमध्ये दांड्याला कोपराने लटकून गेले. माझ्या आईने मला त्या अवस्थेत पाहिलं असतं तर फोन करणंच बंद केलं असतं.

आकडा आला. इतका खाली, की मशीनला तो वाचायलाही कष्ट पडले. असा वाईट आकडा पाहून मला एवढा आनंद कधी झाला नव्हता, आणि त्या आनंदाची लगेच लाजही वाटली. म्हणजे इतके महिने ती पोर जवळजवळ औषधाशिवाय होती.

सरांनी तिला बोलावून घेतलं. वडील दुकानात अडकलेले, म्हणून आई आणि ती आल्या. आई बाहेरच्या बाकावर बसली, कारण आत एकाच माणसाला सोडत होते. मी मुलीबरोबर आत गेले. सरांनी मात्रा वाढवून लिहिली. मग चष्मा काढला, आणि मला कळलं, आता आवाज येणार. स्वतःवर चिडलेला माणूस दुसऱ्या कोणाला तरी शोधतोच. ते मी घरी रोज करते.

"स्पष्ट सांगितलं होतं, औषध न घेता यायचं. कोणी दिलं? आईने?"

"न्हाई सर," मुलगी कन्नडमध्ये म्हणाली. "मीच घ्यायची. आईला न सांगता. मला फिटची भीती वाटायची."

मग सर रागावले, रागाच्या भरात इंग्रजीतून. दार उघडंच होतं. बाहेरची रांग गप्प झाली. शिकलेली मुलगी असून, आमची मेहनत पाण्यात, तुझाच जीव गेला असता, सगळं झालं. मी "सर" म्हणून सुरुवात केली, तर मुलीने टेबलाखालून माझं मनगट धरलं. बोटांवर सुईने पडलेले घट्टे मला जाणवले. ती मान खाली घालून उभी राहिली आणि शेवटी "सरी सर" म्हणाली.

बाहेर येताना मी तिला कोपऱ्यात ओढलं. मला भयंकर राग आला होता. तिच्यावर, सरांवर की कोणावर, काही ठरत नव्हतं. "इतके दिवस खोटं का बोललीस? मला तरी सांगायचंस. किती फिट आल्या तुला! आणि आता हे?"

"आई शेजारी असायची तुम्ही विचारायच्या तेव्हा," ती म्हणाली. "हो म्हटलं असतं तर पुन्हा तिलाच ओरडले असते. अख्ख्या रांगेसमोर. त्या दिवसानंतर ती दोन दिवस जेवली न्हाई, अक्का."

"पण फिट तर तुला येत होती ना गं!"

"मला काय कळतंय? फिट आली की मी नसतेच. डोळे उघडते तेव्हा संपलेलं असतं. सगळी बघायची ती." तिने चेहरा पदराने पुसला आणि जरा हसली. "मग ओरडा तरी माझ्या वाट्याला येऊ दे की."

बाकावरून आई उठून घाईघाईने आमच्याकडे आली. आतला आवाज तिने ऐकला होता, इंग्रजी शब्द कळले नसावेत. तिच्या हातात पदराचं टोक होतं.

"काय म्हणाले गं डॉक्टर? माझं काय चुकलं का?"

"तुझं काय चुकायचंय," मुलगी म्हणाली. "गोळी वाढवलीय. बरं होईल म्हणाले."